फुफ्फुसावरणातील पाणी आणि कर्करोगनिदान : जैवनिर्देशकांच्या शोधाचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :
फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात साठलेले पाणी कर्करोगामुळे झाले आहे की क्षय, न्यूमोनिया, हृदयविकार यांसारख्या अन्य कारणांनी, हे ठरविणे हा वैद्यकशास्त्रापुढील जुना प्रश्न आहे. प्रस्तुत शोधनिबंधात अठराव्या शतकापासून आजपर्यंत या प्रश्नाची उत्तरे कशी शोधली गेली याचा आढावा घेतला आहे. पाण्याचा रंग, त्यातील पेशी, प्रथिने, विकरे, अर्बुदनिर्देशक आणि जनुकीय बदल या क्रमाने हा शोध पुढे सरकला. प्रत्येक नव्या चाचणीकडून आरंभी मोठी अपेक्षा बाळगली गेली आणि कालांतराने तिची मर्यादा स्पष्ट झाली. या मर्यादा समजणे हीच या इतिहासातील खरी प्रगती होय, असे प्रतिपादन येथे केले आहे. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतासारख्या देशात या प्रतिपादनाला विशेष महत्त्व आहे.

बीजसंज्ञा : फुफ्फुसावरण, जैवनिर्देशक, पेशीनिदान, लाइट निकष, सीईए, एडीए, मेसोथेलिन, क्षयरोग.

१. प्रस्तावना :
मानवी फुफ्फुसाभोवती दोन पातळ पदरांचे आवरण असते. या दोन पदरांमध्ये अत्यल्प द्रव असतो आणि त्यामुळे श्वसनाच्या वेळी फुफ्फुस सहजपणे हलते. आजारामुळे हा द्रव वाढला की फुफ्फुसावर दाब येतो, धाप लागते, छातीत दुखते. सामान्य बोलीत यालाच ‘छातीत पाणी झाले’ असे म्हणतात. हे पाणी म्हणजे स्वतंत्र रोग नव्हे. ते दुसऱ्या रोगाचे लक्षण असते. हृदयाची दुर्बलता, मूत्रपिंडाचे व यकृताचे विकार, न्यूमोनिया, क्षय आणि कर्करोग अशी त्याची अनेक कारणे आहेत.

या कारणांपैकी कर्करोग वेगळा ओळखणे रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक ठरते. कर्करोगाच्या पेशी फुफ्फुसावरणात पोहोचल्या असतील, तर रोग पुढच्या टप्प्यात गेला आहे असा त्याचा अर्थ होतो आणि उपचारांची सर्व दिशा बदलते. कर्करोगाला क्षय समजले, तर रुग्णाचे मोलाचे महिने वाया जातात. उलटपक्षी, क्षयाला कर्करोग समजले, तर बरा होणारा रुग्ण व त्याचे कुटुंब निराशेच्या गर्तेत लोटले जाते. म्हणूनच या प्रश्नाचा इतिहास केवळ तांत्रिक शोधांचा इतिहास राहत नाही. पुराव्यावर किती विश्वास ठेवावा, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे :
१) फुफ्फुसावरणातील पाण्याच्या परीक्षणाचे ऐतिहासिक टप्पे समजून घेणे.
२) जैवनिर्देशकांचा उदय व त्यांच्या मर्यादा यांची कारणमीमांसा करणे.
३) भारतीय परिस्थितीत या चाचण्यांचा अर्थ कसा बदलतो याचा विचार करणे.

३. अभ्यासपद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मांडणी कालानुक्रमे केली असून प्रत्येक टप्प्यावर नव्या चाचणीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले आणि कोणता प्रश्न शिल्लक ठेवला, या दृष्टीने विवेचन केले आहे.

४. पाण्याचे अस्तित्व ओळखण्याचा काळ :
छातीत पू किंवा पाणी साठते याची जाणीव प्राचीन ग्रीक वैद्यांना होती. हिपोक्रेटिसच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथसंग्रहात रुग्णाला हलवून छातीतील द्रवाचा आवाज ऐकण्याची रीत सांगितली आहे, तसेच छेद घेऊन पू बाहेर काढण्याचे वर्णनही आहे. भारतात सुश्रुतसंहितेत उदरातील पाणी शस्त्राने काढण्याचा विधी येतो. शरीराच्या पोकळीतील द्रव बाहेर काढण्याची कल्पना अशा रीतीने जुनी असली, तरी त्या द्रवाचे परीक्षण करून रोग ओळखावा हा विचार पुष्कळ नंतरचा आहे.

व्हिएन्नातील वैद्य लिओपोल्ड औएनब्रुग्गर यांनी १७६१ साली छातीवर बोटांनी ठोकून येणाऱ्या आवाजावरून आतील स्थिती ओळखण्याची पद्धत मांडली. पाणी असलेल्या जागी आवाज बद्द येतो, हे त्यांनी दाखविले. फ्रान्समधील रेने लेनेक यांनी १८१६ साली स्टेथोस्कोपचा शोध लावला आणि १८१९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पाण्याच्या थराच्या वरच्या बाजूला रुग्णाचा आवाज शेळीच्या बेंबें करण्यासारखा कंप पावतो, हे त्यांचे निरीक्षण आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकविले जाते. या दोन्ही शोधांमुळे पाणी आहे की नाही हे जिवंत रुग्णात कळू लागले. मात्र ते कशामुळे आहे, हे अनुत्तरितच राहिले.

पाणी सुरक्षितपणे बाहेर काढण्याची सोय झाल्यावर हा दुसरा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारता आला. १८५० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मॉरिल वायमन आणि हेन्री बॉडिच यांनी बारीक पोकळ सुई व शोषणपंप वापरून छातीतील पाणी काढण्यास सुरुवात केली. पाणी डोळ्यांसमोर आल्यावर त्याचा रंग पाहिला जाऊ लागला. गवती रंगाचे, गढूळ, दुधाळ, रक्तमिश्रित असे प्रकार नोंदले गेले. रक्तमिश्रित पाणी म्हणजे कर्करोग असा संशय बळावला. परंतु क्षय, छातीला झालेली इजा किंवा फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी यांमुळेही पाणी रक्ताळते आणि कर्करोगाचे पाणी अनेकदा स्वच्छ गवती रंगाचे असते. ‘दिसते तसे नसते’ हा धडा या इतिहासाने पहिल्याच टप्प्यावर दिला.

५. पेशींच्या साक्षीचा काळ :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शक यंत्र रोगनिदानाचे मुख्य साधन बनले. १८६७ साली ल्युके व क्लेब्स यांनी पोटातील पाण्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्याची नोंद केली. जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८८२ साली शरीराच्या पोकळ्यांतील द्रवात सापडणाऱ्या कर्कपेशींचे वर्णन केले. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. कर्करोग व क्षय या फुफ्फुसावरणातील दोन प्रमुख प्रतिस्पर्धी कारणांची ओळख अशा प्रकारे एकाच काळात स्पष्ट होत गेली.

पॅरिसमधील फर्नांड विडाल आणि पॉल रावो यांनी १९०० साली ‘पेशीनिदान’ ही कल्पना पद्धतशीरपणे मांडली. हे तेच विडाल, ज्यांच्या नावाची विषमज्वराची चाचणी भारतात घराघरांत परिचित आहे. पाण्यात लिम्फोसाइट पेशी जास्त असतील तर क्षय, तीव्र जंतुसंसर्गात बहुखंडकेंद्री पांढऱ्या पेशी जास्त आणि हृदय अथवा मूत्रपिंडाच्या विकारात आवरणाच्या स्वतःच्या पेशी जास्त, असे सूत्र त्यांनी दिले. हे सूत्र सोपे होते आणि उपयुक्तही होते. तथापि, कर्करोगाच्या पाण्यातही लिम्फोसाइट पेशींचे प्राबल्य वारंवार आढळते, ही बाब पुढे स्पष्ट झाली. म्हणजे जो प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, तेथेच हे सूत्र अपुरे पडत होते.

जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या कार्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यास पेशीपरीक्षणाला शास्त्रशुद्ध बैठक लाभली. तरीही फुफ्फुसावरणाच्या बाबतीत एक विशेष अडचण होती. आवरणाच्या आतील थरातील मेसोथेलियल पेशी दाह होताच फुगतात, त्यांची केंद्रके मोठी होतात आणि त्या कर्कपेशींसारख्या दिसू लागतात. त्यामुळे निष्पाप पेशीवर दोषारोप होण्याचा धोका होता. दुसऱ्या बाजूने, आवरणात कर्करोग असूनही त्याच्या पेशी पाण्यात गळून पडतीलच, याची शाश्वती नव्हती.

हा दोष कोणत्या कर्करोगात किती, याचे मोजमाप अलीकडे झाले आहे. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान पाण्याच्या पेशीपरीक्षणातून सुमारे ९५ टक्के रुग्णांत झाले. मेसोथेलियोमा या आवरणाच्याच कर्करोगात मात्र हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. एकाच चाचणीच्या ‘कर्कपेशी आढळल्या नाहीत’ या एकाच वाक्याचा अर्थ रोगानुसार किती बदलतो, हे यावरून लक्षात येते.

पाण्याऐवजी आवरणाचा तुकडाच तपासावा, हा विचार याच अडचणीतून पुढे आला. स्वीडनमधील हान्स क्रिस्तियान याकोबेउस यांनी १९१० साली दुर्बिणीने छातीची पोकळी पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९५८ साली अब्राम्स यांनी आवरणाचा तुकडा काढणारी विशेष सुई वर्णिली. या पद्धतींमुळे निदानाची खात्री वाढली; परंतु त्या अधिक त्रासाच्या, खर्चाच्या आणि कौशल्य मागणाऱ्या होत्या. साध्या सुईने काढलेल्या पाण्यातूनच उत्तर मिळावे, ही इच्छा त्यामुळे कायम राहिली. जैवनिर्देशकांच्या शोधामागची प्रेरणा हीच होय.

६. रसायनांच्या मोजमापाचा काळ :
पाण्यातील प्रथिनांचे प्रमाण मोजून त्याचे दोन वर्ग करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुळली होती. दाबातील बिघाडामुळे पाझरलेले पाणी ते ट्रान्स्युडेट आणि आवरणाच्या रोगामुळे साठलेले ते एक्स्युडेट, असे हे वर्गीकरण होय. रिचर्ड लाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली १५० रुग्णांच्या अभ्यासातून या वर्गीकरणाला नेमकेपणा दिला. पाण्यातील व रक्तद्रवातील प्रथिनांचे गुणोत्तर ०.५ पेक्षा अधिक, एलडीएच या विकराचे गुणोत्तर ०.६ पेक्षा अधिक, किंवा पाण्यातील एलडीएच ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक, यांपैकी एक जरी अट पूर्ण झाली तरी ते पाणी एक्स्युडेट समजावे, असा त्यांचा निकष होता. पन्नास वर्षे उलटून गेल्यानंतरही ‘लाइट निकष’ जगभर वापरले जातात.

या निकषांच्या यशाचे कारण समजून घेणे उद्बोधक आहे. त्यांनी ‘हा कर्करोग आहे का?’ हा प्रश्न विचारलाच नाही. ‘शोध पुढे न्यावा का?’ एवढाच मर्यादित प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे उत्तम उत्तर दिले. क्षय, न्यूमोनिया आणि कर्करोग हे तिन्ही एक्स्युडेटच्या एकाच कप्प्यात पडतात. त्या कप्प्यातून कर्करोग वेगळा काढण्याचे काम पुढील चाचण्यांवर सोपविले गेले.

७. अर्बुदनिर्देशकांचा उदय आणि मर्यादा :
कॅनडातील माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ साली कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन, म्हणजेच सीईए, या पदार्थाचा शोध लावला. तो गर्भावस्थेतील आतड्यात व आतड्याच्या कर्करोगात आढळला होता. कर्करोगाची एखादी रासायनिक मुद्रा असते आणि ती मोजता येते, ही आशा या शोधाने निर्माण केली. १९७५ साली कोहलर व मिलस्टाइन यांनी एकजिनसी प्रतिपिंडे तयार करण्याचे तंत्र दिले. त्यानंतर सीए १२५, सीए १५-३, सायफ्रा २१-१ अशा अर्बुदनिर्देशकांची मालिकाच उपलब्ध झाली आणि रक्ताप्रमाणे फुफ्फुसावरणातील पाण्यातही ती मोजली जाऊ लागली.

अपेक्षाभंगही लवकरच झाला. सीईए केवळ आतड्याच्या कर्करोगाचे चिन्ह नाही, हे उघड झाले. फुफ्फुसाच्या ग्रंथीजन्य कर्करोगात ते वाढते. मेसोथेलियोमात मात्र सहसा वाढत नाही. सीए १२५ हा पदार्थ तर मेसोथेलियल पेशी स्वतःच निर्माण करतात. त्यामुळे साध्या दाहातही पाण्यातील त्याचे प्रमाण पुष्कळ वाढते. ज्या घरात चोर शोधायचा, त्या घरातील माणसाचेच ठसे सर्वत्र सापडावेत, तशी ही स्थिती होती.

या अडचणीवर संशोधकांनी काढलेला मार्ग २००४ साली स्पेनमधील होसे पोर्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पष्ट दिसतो. वरील चारही निर्देशकांसाठी त्यांनी इतकी उंच सीमारेषा निश्चित केली की अभ्यासातील एकाही अकर्करोगी रुग्णावर कर्करोगाचा शिक्का बसू नये. सीए १२५ साठी ही सीमारेषा प्रतिमिलिलिटर २८०० एकक इतकी होती. या सावधगिरीची किंमतही मोजावी लागली. चारही चाचण्या एकत्र धरूनही कर्करोगाचे जेमतेम निम्मे रुग्ण ओळखले गेले. तरीही पेशीपरीक्षणात न सापडलेल्या कर्करोगांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांकडे या चाचण्यांनी बोट दाखविले. चाचणीचे होकारार्थी उत्तर मोलाचे, पण नकारार्थी उत्तर निरर्थक, असा हा निष्कर्ष होता.

मेसोथेलियोमाच्या बाबतीतही हाच अनुभव आला. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅगनर, स्लेग्ज आणि मारशाँ यांनी ३३ रुग्णांच्या नोंदींवरून या कर्करोगाचा ॲस्बेस्टॉसशी संबंध दाखवून दिला. २००३ साली ऑस्ट्रेलियातील रॉबिन्सन व सहकाऱ्यांनी विद्राव्य मेसोथेलिन हा त्याचा निर्देशक म्हणून मांडला. २०१२ साली अमेरिकेतील हार्वे पास व सहकाऱ्यांनी फिब्युलिन-३ या प्रथिनाविषयी अत्यंत आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले. अन्य ठिकाणच्या रुग्णांवर पडताळणी झाली तेव्हा ती चमक तशीच टिकली नाही. शोध जेथे लागतो तेथील रुग्ण आणि तो जेथे वापरला जातो तेथील रुग्ण सारखे नसतात, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होय.

८. क्षयरोग आणि भारतीय संदर्भ :
इटलीतील पिरास व सहकाऱ्यांनी १९७८ साली अडिनोसीन डिअमिनेज, म्हणजेच एडीए, हे विकर क्षयजन्य पाण्यात वाढलेले असते असे दाखविले. हा निर्देशक कर्करोगाचा नाही. परंतु कर्करोगाच्या प्रमुख प्रतिस्पर्ध्याचा आहे. क्षयजन्य पाण्यात जंतूंची संख्या अत्यल्प असते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली, संवर्धनात किंवा जनुकीय चाचणीतही ते अनेकदा सापडत नाहीत. या कारणाने भारतात एडीए चाचणीला मोठे स्थान प्राप्त झाले. ही चाचणी स्वस्त व जलद आहे, आणि जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत.

येथेच सावधगिरीची गरज आहे. एडीए न्यूमोनियानंतरच्या पुवात, संधिवातजन्य पाण्यात आणि लिम्फोमा या कर्करोगातही वाढते. शिवाय कोणत्याही चाचणीचा अर्थ तेथील रोगांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एखादी चाचणी कर्करोगाच्या १०० पैकी ९० रुग्णांना ओळखते आणि अकर्करोगी १०० पैकी ९० जणांना योग्य रीतीने वगळते असे समजू. ज्या रुग्णालयात १००० पैकी ५०० रुग्णांना कर्करोग आहे तेथे ४५० उत्तरे खरी होकारार्थी आणि ५० खोटी होकारार्थी येतील. म्हणजे होकार ९० टक्के विश्वासार्ह ठरेल. ज्या रुग्णालयात १००० पैकी १०० जणांनाच कर्करोग आहे तेथे ९० खरी आणि ९० खोटी होकारार्थी उत्तरे येतील. चाचणी तीच, रसायन तेच. परंतु होकाराची विश्वासार्हता निम्म्यावर येते. कर्करोगाच्या विशेष रुग्णालयात सिद्ध झालेली सीमारेषा जिल्हा रुग्णालयात जशीच्या तशी लावता येत नाही, ती यामुळेच.

सिंगापूरमधील संशोधकांनी २०१६ च्या सुमारास मांडलेले ‘कर्करोग गुणोत्तर’ या दृष्टीने लक्षणीय आहे. रक्तद्रवातील एलडीएचला पाण्यातील एडीएने भागल्यास येणारी संख्या २० पेक्षा जास्त असेल, तर कर्करोगाची शक्यता अधिक, असे हे सूत्र आहे. कर्करोग विरुद्ध निरोगी अशी तुलना येथे नाही. कर्करोग विरुद्ध क्षय हा आशियाई वैद्यांच्या रोजच्या व्यवहारातील प्रश्नच त्यात विचारात घेतला आहे. अर्थात, हेही सूत्र संशयाची दिशा दाखविते. अंतिम निवाडा करीत नाही.

९. बदललेला प्रश्न :
एकविसाव्या शतकात या पाण्याकडून अपेक्षिले जाणारे उत्तरच बदलू लागले आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगातील ईजीएफआर जनुकाचे बदल २००४ साली उजेडात आले. ते बदल असणाऱ्या रुग्णांना विशिष्ट गोळ्यांचा लाभ होतो. हे बदल पाण्यातील कर्कपेशींत आणि पेशीविरहित द्रवातील डीएनएमध्येही शोधता येतात. ‘कर्करोग आहे का?’ या प्रश्नाला ‘कोणता आणि कोणत्या औषधाला दाद देणारा?’ हा प्रश्न जोडला गेला. तसेच मेसोथेलियल पेशींमधील बीएपी-१ या प्रथिनाचा अभाव हा त्या पेशी कर्करोगी असल्याचा बळकट पुरावा मानला जातो. दाहाने बदललेली पेशी आणि कर्कपेशी यांतील जुना संभ्रम त्यामुळे काही अंशी दूर झाला आहे. मात्र येथेही प्रथिन शाबूत आढळले म्हणून कर्करोग नाही, असे म्हणता येत नाही.

ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत अर्बुदनिर्देशकांना नेहमीच्या तपासणीत स्थान दिलेले नव्हते. २०२३ च्या तत्त्वांतही पाण्यातील जैवनिर्देशकांवरून कर्करोगाचे निदान करू नये, अशीच भूमिका आहे. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या समाजात एडीए चाचणीचा विचार करता येईल, असे मात्र त्यांत म्हटले आहे.

१०. निष्कर्ष :
१) फुफ्फुसावरणातील पाण्याच्या परीक्षणाचा इतिहास रंग, पेशी, रसायन, निर्देशक व जनुक या टप्प्यांनी पुढे गेला, परंतु नव्या टप्प्याने जुना टप्पा बाद केला नाही. पेशीपरीक्षण आजही पायाभूत आहे.
२) मर्यादित प्रश्न विचारणारी चाचणी दीर्घकाळ टिकली, संपूर्ण उत्तर देण्याचा दावा करणाऱ्या चाचण्यांची उपयुक्तता कालांतराने आकुंचित झाली.
३) जैवनिर्देशकाचे उंच प्रमाण कर्करोगाचा संशय बळकट करते आणि आवरणाचा तुकडा तपासण्याचा निर्णय लवकर घेण्यास मदत करते. त्याचे कमी प्रमाण कर्करोग नसल्याची ग्वाही देत नाही.
४) चाचणीची सीमारेषा स्थानिक रोगप्रमाणाच्या संदर्भातच वाचली पाहिजे.

११. समारोप :
औएनब्रुग्गर यांच्या बोटांपासून आजच्या जनुकीय चाचण्यांपर्यंतच्या सुमारे अडीचशे वर्षांच्या वाटचालीत पाण्याच्या एका थेंबातून मिळणारी माहिती अनेक पटींनी वाढली. त्या माहितीचा अर्थ लावण्याची जबाबदारी मात्र कमी झालेली नाही. क्षयावरील औषधे सुरू करूनही पाणी पुन्हा भरत असेल, रुग्णाचे वजन घटत असेल, तर वाढलेल्या एडीएच्या एका आकड्यावर विसंबून न राहता निदानाचा फेरविचार करणे, हा या इतिहासाचा व्यवहारातील अर्थ आहे. अशा फेरविचारासाठी दुर्बिणीद्वारे तपासणीची सोय मोठ्या शहरांपलीकडे पोहोचणे आवश्यक आहे. अन्यथा सर्वांत दूरच्या रुग्णालाच सर्वांत कमी खात्रीच्या चाचणीवर अवलंबून राहावे लागेल.